बर्फाच्या आधी

झावखानात एप्रिल म्हणजे वसंत नव्हे.
बर्फ उतरतो आणि खालचं सगळं वर येतं, एवढंच.
त्या वर्षी मी पोचलो तेव्हा
त्सेरेनखंदच्या गेरमागे
मेंढ्या रचलेल्या होत्या सरपणासारख्या,
पाय सगळे एकाच दिशेला.
नीटनेटकी बाई.

माझ्याकडे फॉर्म क्रमांक तीन.
किती मेली, जातवार. पुरावा सोबत जोडा.
पुरावा म्हणजे कान.
हे काही उत्रेख्तच्या कचेरीत ठरलं नव्हतं,
जिल्ह्यातल्या कुणा कारकुनानं सोय म्हणून काढलेलं,
आणि आम्ही नको म्हटलं नाही.
तिनं साखरेचं पोतं माझ्यापुढे उलटं केलं.
मोजले. दोनशे अठ्ठावीस.
बोटं गारठून मध्येच चुकलो, पुन्हा पहिल्यापासून.
चुलीत गोवरी सारत, चहात मीठ टाकत
ती म्हणाली,
एवढे कान,
आणि ऐकणारा एक नाही.

पैसे जूनमध्ये मिळाले.
तोवर डोंगर हिरवे, आणि चरायला कोणी नाही.
आमच्या गाडीच्या दारावर चित्र होतं,
दोन ओंजळी, मधे रोपटं.
बैल गेला नि झोपा केला,
तोही पावती घेऊन.

उत्रेख्तमध्ये कालव्याकाठी एक खोली आहे.
लांब टेबल, माणशी दोन बिस्किटं.
तिथं दोन हिवाळे मी एकच वाक्य बोललो,
पैसे बर्फाच्या आधी द्या.
आधी? मग पुरावा?
ऑगस्टात करपलेलं गवत, म्हटलं,
आणि म्हाताऱ्या माणसांची उडालेली झोप.
समजा, पडलाच नाही बर्फ? विश्वस्त येल्मर म्हणाले.
तर गवत उरेल.
वीत्स्के हसली, बाकी कुणी नाही.
पण पुढे तिनंच फॉर्म क्रमांक तीन
फाडला वगैरे नाही, असं कुणी करत नसतं,
फक्त पुन्हा छापायला दिला नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन वाजला.
पैसे आले होते, कशाला हवेत ते न विचारता.
निम्म्याचं गवत.
शेजारच्या ट्रकला डिझेल,
म्हणजे दोघांचे कळप पलीकडच्या खोऱ्यात नेता येतील.
आणि एक चष्मा.
चष्मा कुठल्या रकान्यात घालू, मी विचारलं.
कुठली मेंढी लंगडतेय ते दिसतं त्यानं, ती म्हणाली,
घाल कुठंही.

बर्फ पडला. गुडघाभर, मग कमरेएवढा.
एकसष्ट गेल्या.
बाकीच्यांचा पुरावा काय देणार?
जिवंत मेंढी फोटोला उभी राहत नाही.
अहवालात शेवटी एक ओळ लिहिली,
उरलेल्या चरत आहेत.
तिकडून पत्र आलं, जुन्या सवयीचं,
टक्केवारी कळवावी.

यंदाची बैठक तिच्या गेरमध्ये.
हे सोपं नव्हतं. दोन विमानं, अकरा तास जीप,
आणि ठराव कुणी मांडायचा यावरून महिनाभर पत्रापत्री.
येल्मर बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीशी,
साखर समजून घेतलेला पहिला घोट
सभ्यपणे गिळला त्यांनी.
वीत्स्के दाराशी, पादत्राणांत पाय शोधत.
त्सेरेनखंदनं चष्मा चढवला,
आमची नवी योजना गुडघ्यावर पसरली,
ओळीखाली बोट धरून वाचत गेली,
सावकाश, ओठ हलवत,
आम्ही सगळे तिच्या बोटाकडे बघत.
मधेच बाहेर कुत्रं भुंकलं. तिनं मान वर केली नाही.
मग बोट थांबलं.

नोव्हेंबर? कुणी ठरवलं?
गवत ऑगस्टात स्वस्त असतं.

येल्मरनी माझ्याकडे पाहिलं.
त्यांचे कान थंडीनं लाल झाले होते.
मी अनुवाद करायला वाकलो.